टोकन संपलं आणि बारा फॉर्म गेले: ॲपच्या आतल्या वेब ॲपचं लॉगिन टिकतं कसं?

ज्यांना गाडीत, लेक्चरला किंवा रात्री घरचे झोपल्यावर ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे अडखळलो ते गाळलंय, आणि ऐकताना तुम्ही जिथे अडखळला असता तिथे दोन वाक्यं जास्त घातलीत. कोड दाखवणार नाही. बहुतेक जण हे मोबाइलवर वाचताय, आणि मोबाइलवर कोड वाचणं म्हणजे शिक्षा आहे.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. मी नंदुरबारला राहून घरूनच काम करतो. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास व्हॉट्सॲपवर एका ताईंची व्हॉइस नोट आली. या ताई एका संस्थेसाठी धडगाव तालुक्यात पाड्यापाड्यावर फिरून गरोदर बायांची माहिती गोळा करतात. आवाज दमलेला होता. "भाऊ, ते ॲप परत पासवर्ड मागतंय. टाकला मी. आत गेले तर बाराच्या बारा बायांचे फॉर्म कोरे. सकाळपासून फिरतेय मी." मग जरा थांबून, "एका बाईचं बीपी जास्त होतं. तिचं मी नर्सबाईंना फोन करून सांगितलं, नेटवर्क आलं तसं. बाकीच्यांचं काय करू आता?"

संस्थेचं नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. ते फॉर्मचं वेब ॲप मी लिहिलं होतं. ज्या बाईचं बीपी जास्त होतं तिची नोंद ॲपने नर्सपर्यंत पोचवायची, यासाठीच तर ते बनवलं होतं! ते काम शेवटी ताईंच्या आठवणीने आणि एका साध्या फोन कॉलने केलं. त्या रात्री मला झोप आली नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता हे झालं कसं, ते समजून घेऊ.

आधी ॲपच्या आतलं वेब ॲप म्हणजे काय. तुम्ही पैसे पाठवायच्या ॲपमध्ये जाऊन रेल्वेचं तिकीट काढता, किंवा तिथूनच जेवण मागवता. अशा वेळी बऱ्याचदा तुम्ही त्या ॲपमध्ये नसताच. ॲपच्या आत एक छोटा ब्राउझर उघडलेला असतो, ज्याला वरती पत्त्याची पट्टी नसते. त्यात दुसऱ्याच कुणाची तरी वेबसाइट चालू असते. अँड्रॉइडवर या आतल्या ब्राउझरला वेबव्ह्यू म्हणतात. एका वेबसाइटच्या आत चौकट करून दुसरी वेबसाइट बसवली, तर त्या चौकटीला आयफ्रेम म्हणतात. घर एकाचं, भाडेकरू दुसरा.

आमचंही तसंच होतं. बाहेर एक अँड्रॉइड ॲप, त्यात लॉगिन. आत वेब ॲप, त्यात फॉर्म. असं का केलं? कारण फॉर्ममधले प्रश्न सारखे बदलतात. प्रत्येक वेळी नवीन ॲप काढून, धडगाव-मोलगीकडच्या नेटवर्कवर ते सगळ्यांच्या फोनमध्ये अपडेट करायचं म्हटलं तर महिना जातो. वेब पान मात्र सर्व्हरवर बदललं की झालं. कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते.

भाडेकरूची अडचण एकच. पासवर्ड तो घरमालकाला देऊन बसला. आता आतून सर्व्हरकडे काही पाठवायचं असेल तर सर्व्हर विचारणार, तू कोण? तिथे टोकन येतं.

टोकन हा शब्द आपल्याकडे कुणाला नवीन नाही. कापूस विकायला गेलात की टोकन, दवाखान्यात नंबर लावला की टोकन. पण लॉगिनचं टोकन समजायला मला एसटीचा पास जास्त जवळचा वाटतो. अकरावी-बारावीला मी प्रकाशाहून शहाद्याला एसटीने जायचो. खिशात महिन्याचा पास. कंडक्टर पास बघायचा, तारीख बघायचा, शिक्का बघायचा, आणि पुढे जायचा. हा मुलगा खरंच कॉलेजात आहे का, म्हणून त्याने कधी डेपोत फोन लावला नाही. लावला असता तर बस संध्याकाळी पोचली असती. पासवरच सगळं लिहिलेलं होतं, आणि शिक्का खरा होता, एवढं त्याला पुरे होतं.

ॲक्सेस टोकन म्हणजे हा पास. सध्या बऱ्याच ठिकाणी ते जेडब्ल्यूटी नावाच्या नमुन्यात असतं. ते २०१५ साली आरएफसी ७५१९ मध्ये ठरवलं गेलं. आरएफसी म्हणजे इंटरनेटची नियमपत्रकं समजा. जेडब्ल्यूटी ही अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, दोन टिंबांनी तीन तुकड्यांत विभागलेली. पहिल्या तुकड्यात सही कुठल्या पद्धतीची ते, दुसऱ्यात माणूस कोण आणि मुदत कधीपर्यंत, तिसऱ्यात सर्व्हरची सही. मधला तुकडा कुणालाही उघडून वाचता येतो, तो काही कुलूपबंद नसतो. त्यामुळे त्यात खाजगी माहिती टाकू नये. मात्र त्यातलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. पासवर खाडाखोड केली की कंडक्टर पकडतो, तसंच. मुदत लिहायची रीत गमतीची आहे. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, तो आकडा.

इथे एक गल्लत होते, आणि ती आपल्या जिल्ह्यात बसून दूर करायला मला आवडतं. कारण देशातले पहिले आधार क्रमांक आपल्याच शहादा तालुक्यात, टेंभली गावात दिले गेले. तारीख २९ सप्टेंबर २०१०. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते. आधारचा १२ आकडी नंबर म्हणजे तुम्ही कोण, याचं उत्तर. तो आयुष्यभर तोच राहतो. टोकन सांगतं, या माणसाला आत्ता, एवढा वेळ, एवढं करू द्या. ओळख बदलत नाही, परवानगी मात्र संपलीच पाहिजे. पुढे २०१८ मध्ये आधारवाल्यांनीही व्हर्च्युअल आयडी आणला. १६ आकडी, हवा तेव्हा बदलता येणारा, ज्यावरून मूळ नंबर काढता येत नाही. कायमचा नंबर जागोजागी देत फिरू नये, हे त्यामागचं कारण. आपण पासवर्डऐवजी टोकन पाठवतो, त्यामागेही हेच आहे.

बरं, मग टोकन वर्षभराचंच का देत नाहीत? कटकटच नको.

पास हरवला तर? ज्याला सापडला तो मुदत संपेपर्यंत फिरणार, कारण कंडक्टर डेपोत फोन करत नाही, हे आत्ताच आपण बघितलं. जी सोय तीच अडचण. म्हणून मुदत छोटी ठेवायची.

किती मोठा घोळ होऊ शकतो याचं उदाहरण फेसबुकचं आहे. २८ सप्टेंबर २०१८ ला त्यांनी जाहीर केलं की लोकांची ॲक्सेस टोकनं चोरीला गेली. आधी आकडा सुमारे ५ कोटी सांगितला, नंतर तपास करून तो ३ कोटींवर आला. झालं होतं असं. आपलं प्रोफाइल दुसऱ्याला कसं दिसतं ते बघायची एक सोय होती. त्या पानात व्हिडिओ चढवायची पेटी दिसायला नको होती, पण ती काही ठिकाणी दिसत होती. आणि ती पेटी टोकन तयार करत होती, तेही तुमच्या नावाचं नाही, ज्याच्या नजरेतून तुम्ही बघताय त्याच्या नावाचं! एका पानाच्या आत बसवलेला दुसरा तुकडा, आणि त्याने चुकीच्या माणसाचा पास फाडून दिला. ही चूक जुलै २०१७ पासून तिथे होती. शेवटी त्यांनी खबरदारी म्हणून ९ कोटी खात्यांची टोकनं रद्द केली. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणाला अचानक फेसबुकने परत लॉगिन करायला लावलं असेल, तर कारण हे होतं.

तर मुदत छोटी हवी. पण दर अर्ध्या तासाला माणसाला पासवर्ड विचारणंही चालणार नाही. यावरचा तोडगा ओऑथ २.० मध्ये आहे. हे ऑक्टोबर २०१२ चं आरएफसी ६७४९. त्यात दोन टोकनं असतात. एक छोट्या मुदतीचं, रोज वापरायचं. दुसरं लांब मुदतीचं, फक्त नवीन पास काढायला डेपोच्या खिडकीवर दाखवायचं. ते म्हणजे रिफ्रेश टोकन. खिडकीवरचा कारकून मात्र रजिस्टर उघडून बघतो. मुलाने कॉलेज सोडलं का? तक्रार आहे का? सगळं ठीक असेल तर नवीन पास. म्हणजे महागडी चौकशी कधीतरी, आणि रोजचं काम झटपट. माणसाला यातलं काही दिसत नाही. टोकन रिफ्रेश झालं हे कळतंय, याचा अर्थ कुणीतरी काम नीट केलेलं नाही.

आता माझ्या चुकांकडे येतो.

आमचं ॲक्सेस टोकन ३० मिनिटांचं होतं. मी टेस्टिंग कुठे केलं? नंदुरबारला, घरी, वायफायवर. एक फॉर्म भरायला मला चार मिनिटं लागायची, कारण मी सगळीकडे काहीतरी टाकून पुढे जायचो. ताईंना एका घरात पाऊण तास लागतो. आधी चहा, मग घरातल्या म्हातारीची परवानगी, मग पावरीत प्रश्न विचारायचा आणि मराठीत लिहायचा. पुढचा पाडा अर्धा तास चालत. नेटवर्क दिवसभर नाही. वेब पान एकदा उघडलं की नेटवर्कशिवाय चालेल, एवढी सोय मी केली होती आणि त्याचा मला अभिमानही होता. फॉर्म पानाच्या मेमरीत साठत होते, नेटवर्क आलं की जातील, असा हिशोब.

ताई संध्याकाळी टेकडीवर आल्या, नेटवर्क आलं, पानाने बारा फॉर्म पाठवायला घेतले. टोकन कधीच संपलेलं. सर्व्हरने उत्तर दिलं ४०१, म्हणजे तू कोण ते मला पटलेलं नाही. आणि ४०१ आलं की लॉगिनच्या पानावर न्यायचं, असं मी लिहून ठेवलं होतं. पान बदललं, मेमरी पुसली, बारा बाया गेल्या.

बघा, रिफ्रेश टोकन आमच्याकडे होतं. तीस दिवसांचं. त्याला कुणी विचारलंच नाही.

दुरुस्तीचा पहिला भाग तासाभरात झाला. तो टोकनचा नव्हताच. फॉर्म मेमरीत न ठेवता फोनच्याच साठवणीत ठेवायचे. ब्राउझरमध्ये त्यासाठी इंडेक्स्डडीबी नावाची जागा असते. प्रत्येक खुणेला, प्रत्येक आकड्याला लगेच सेव्ह. प्रत्येक फॉर्मला फोनवरच एक वेगळा नंबर द्यायचा, म्हणजे तोच फॉर्म चुकून दोनदा गेला तर सर्व्हर ओळखेल आणि एकच नोंद करेल. लॉगिन गेलं तरी फॉर्म जागेवर. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. यात हुशारी लागत नाही, फक्त डोंगरात एक दिवस फिरलेलं असावं लागतं.

दुसरा भाग रिफ्रेशचा. ४०१ आलं की आधी रिफ्रेश टोकन देऊन नवीन पास घ्यायचा, मग तीच विनंती परत पाठवायची. एकदाच. परत ४०१ आलं तर थांबायचं, नाहीतर फोन रात्रभर सर्व्हरचं दार वाजवत बसेल. मी हे लिहिलं, चालवलं, खूश झालो. आणि पंधरा दिवसांत तक्रारी वाढल्या. फॉर्म जात नव्हते, पण लोक सारखे लॉगआउट होत होते. आधी होत होते त्यापेक्षा जास्त!

इथून पुढचं जरा लक्ष देऊन वाचा, कारण खरी मजा इथे आहे. त्या काळात मला मजा वाटली नव्हती.

रिफ्रेश टोकन लांब मुदतीचं असल्यामुळे ते चोरीला जाणं जास्त धोक्याचं. म्हणून फिरवण्याची पद्धत आली. एकदा रिफ्रेश टोकन वापरलं की ते बाद, सोबत नवीन रिफ्रेश टोकन मिळतं. जुनं कुणी परत दाखवलं तर सर्व्हर म्हणतो, एकाच टोकनच्या दोन प्रती फिरतायत, एक नक्की चोराकडे आहे. चोर कोणता ते त्याला कळत नाही. म्हणून तो त्या लॉगिनची सगळीच टोकनं रद्द करतो. जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० मध्ये मोबाइल ॲपसारख्यांसाठी दोनच रस्ते सांगितलेत, एकतर रिफ्रेश टोकन त्या यंत्राशी बांधून टाका, नाहीतर हे असं फिरवत ठेवा. पद्धत योग्यच आहे.

पण आमच्याकडे चोर कोण होता? आम्हीच. आणि एकदा नाही, तीन वेगवेगळ्या प्रकारांनी.

पहिला प्रकार. पान उघडलं की एकदम पाच विनंत्या जायच्या. गावांची यादी, फॉर्मचे प्रश्न, राहिलेले फॉर्म, फोटो, सूचना. पाचही एकदम ४०१ घेऊन परत. पाचही जण तेच रिफ्रेश टोकन घेऊन खिडकीवर. पहिल्याला नवीन पास मिळाला, दुसरा जुनं टोकन घेऊन पोचला, सर्व्हरने चोर चोर म्हणून सगळं बंद केलं. उपाय सोपा. एक जण खिडकीवर गेलाय हे लिहून ठेवायचं, बाकीच्या चौघांनी वेगळी रांग न लावता त्याच्या परत येण्याची वाट बघायची, आणि तो जे घेऊन येईल ते वापरायचं. वेबचं काम करणाऱ्यांना सांगतो, रिफ्रेशचं प्रॉमिस एकच ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या.

दुसरा प्रकार खास ॲपच्या आतल्या वेब ॲपचा. लॉगिन झाल्यावर बाहेरच्या ॲपने रिफ्रेश टोकनची एक प्रत आत दिली होती. स्वतःकडेही एक ठेवली होती, सूचनांसाठी. म्हणजे घरमालक आणि भाडेकरू दोघांकडे एकच चावी, आणि प्रत्येक वापरानंतर कुलूप बदलतंय. आतल्या पानाने रिफ्रेश केलं की बाहेरच्याचं टोकन जुनं. रात्री बाहेरच्याने सूचना बघायला रिफ्रेश केलं की सगळं रद्द. ताई सकाळी उठतात तर लॉगआउट.

यावर आम्ही ठरवलं की रिफ्रेश टोकन फक्त घरमालकाकडे राहील. आतल्या पानाला ते कधी दिसणारच नाही. त्याला पास लागला की तो मालकाला हाक मारणार, मालक ताजा ॲक्सेस टोकन देणार. मोठ्या कंपन्याही असंच करतात. शॉपिफायच्या ॲडमिनमध्ये बाहेरच्यांची ॲप्स आयफ्रेममध्ये चालतात. त्यांना मिळणारं सेशन टोकन फक्त एका मिनिटाचं असतं. साठवून ठेवायचंच नाही, लागेल तेव्हा मागून घ्यायचं.

हाक मारायची म्हणजे मध्ये पूल लागतो. आयफ्रेममध्ये तो पोस्टमेसेज, आणि वेबव्ह्यूमध्ये ॲपने दिलेला जावास्क्रिप्टचा पूल. पुलावरून कोण आवाज देतंय हे तपासायलाच हवं. अँड्रॉइडचा जुना, सोपा पूल वेबव्ह्यूतल्या प्रत्येक चौकटीला दिसतो, आत कुणी परकी आयफ्रेम बसवली असेल तर तिलाही, आणि कुठून हाक आली हे तो सांगत नाही. नवीन पद्धतीत कोणत्या पत्त्यांना बोलू द्यायचं याची यादी आधीच द्यावी लागते. आम्ही ती घेतली. पोस्टमेसेजमध्येही पाठवणाऱ्याचा पत्ता जुळवून बघा, आणि टोकन पाठवताना कुणालाही चालेल असा तारा टाकू नका.

कुणी विचारेल, एवढं कशाला, कुकी आहे ना? आतल्या चौकटीत कुकीचा भरवसा धरू नका. आतलं पान दुसऱ्या पत्त्याचं असेल तर त्याची कुकी ही तिसऱ्या पक्षाची कुकी ठरते. सफारीने मार्च २०२० पासून अशा कुकी सरसकट बंद केल्या. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये लॉलीपॉपपासून त्या आपोआप बंदच असतात. तुमच्या लॅपटॉपवर चालतं आणि गिऱ्हाइकाच्या आयफोनवर चालत नाही, याचं कारण बऱ्याच वेळा हे असतं.

जाता जाता एक. लॉगिनचं पान मात्र वेबव्ह्यूमध्ये उघडू नये. ज्या ॲपचा वेबव्ह्यू, त्या ॲपला तुम्ही आत काय टाइप करताय ते वाचता येतं, पासवर्डसकट. म्हणून ऑक्टोबर २०१७ च्या आरएफसी ८२५२ ने लॉगिन खऱ्या ब्राउझरमध्ये न्यायला सांगितलं, आणि गुगल तर वेबव्ह्यूमधून लॉगिन करूच देत नाही. अनोळखी ॲप स्वतःच्याच खिडकीत तुमच्या ईमेलचा पासवर्ड मागत असेल, तर मागे फिरा.

आता तिसरा प्रकार. हा सापडायला मला तीन आठवडे लागले.

पहिले दोन प्रकार बंद केल्यावर लॉगआउट जवळजवळ थांबले. उरले ते सगळे धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातले. शहाद्यात एक नाही, तळोद्यात एक नाही. सर्व्हरच्या नोंदी बघितल्या तर तिथेही तेच, जुनं टोकन परत आलं म्हणून रद्द. पण आता तर एकच जण रिफ्रेश करत होता! मग मी एक दिवस सुट्टी टाकून त्याच ताईंसोबत गेलो. जीप घाटात वळत होती, फोनमध्ये नेटवर्कची एक काडी यायची, पुढच्या वळणाला जायची. तिथे डोक्यात प्रकाश पडला.

फोन रिफ्रेश टोकन पाठवतो. विनंती वर पोचते. सर्व्हर जुनं बाद करतो, नवीन देतो. आणि ते उत्तर खाली येईपर्यंत वळण येतं. सर्व्हरच्या मते नवीन टोकन दिलेलं आहे. फोनच्या मते काहीच मिळालेलं नाही, त्याच्याकडे अजून जुनंच. पुढच्या काडीला तो प्रामाणिकपणे जुनं परत दाखवतो. झाला चोर.

पुण्या-मुंबईत बसून हे दिसतच नाही. तिथे विनंती गेली की उत्तर येतं. आपल्याकडे जाणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उपाय सर्व्हरवर करावा लागला. नवीन टोकन दिल्यावर जुनं लगेच मारायचं नाही. दिलेलं नवीन टोकन फोनने एकदाही वापरलेलं दिसत नसेल, तर लगतचं जुनं आणखी थोडा वेळ चालू द्यायचं. नवीन एकदा वापरलं गेलं की मात्र जुनं खरंच मेलं, त्यानंतर ते दिसलं तर चोरीच समजायची. काही तयार लॉगिन सेवांमध्ये अशी सवलतीची वेळ सेटिंगमधून देता येते, पण ती काही सेकंदांचीच असावी असं बऱ्याच ठिकाणी गृहीत धरलेलं असतं. घाटात काही सेकंदांनी काय होतंय? आम्ही ती वाढवली. याने सुरक्षा थोडी सैल होते, हे मान्य. चोराला त्या वेळात संधी मिळू शकते. मी संस्थेतल्या लोकांसमोर दोन्ही बाजू मांडल्या आणि त्यांनी ठरवलं. असा निर्णय एकट्या इंजिनिअरने रात्री दोन वाजता घेऊ नये.

एक छोटी गंमतही सांगतो. एका ताईंच्या फोनवर ॲप सतत रिफ्रेश करत होतं, मिनिटाला कितीतरी वेळा, आणि सर्व्हर त्यांना थोपवत होता. कारण सापडलं त्यांच्या मुलाकडे. एका गेममध्ये लाइफ संपल्या की तो फोनचं घड्याळ दोन तास पुढे करायचा, म्हणजे लाइफ भरतात. आमचं ॲप टोकनची मुदत फोनच्या घड्याळाशी ताडून बघत होतं. मिळालेलं ताजं टोकनही त्याला दीड तास शिळं दिसत होतं. मग आम्ही सर्व्हरच्या प्रत्येक उत्तरासोबत येणारी वेळ घेऊन फोनच्या घड्याळातला फरक काढायला लागलो. आणि टोकन संपलं का, याचा शेवटचा निकाल फोनकडून काढून सर्व्हरकडे दिला. टायमर लावून बरोबर २९ व्या मिनिटाला रिफ्रेश करायचं, हेही सोडलं. स्क्रीन बंद झाली की टायमर झोपतात, फोन खिशातून निघाला की जागे होतात. त्यापेक्षा पान परत समोर आलं की एकदा तपासायचं.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. नर्मदाकाठच्या काही गावांत बोटीने जावं लागतं, आणि पावसाळ्यात तिकडे गेलेला माणूस कधी कधी लवकर परत येत नाही. रिफ्रेश टोकन ३० दिवसांचं. तेही संपलं तर पासवर्ड मागावाच लागणार, आणि पासवर्ड तपासायला नेटवर्क लागणार. तोपर्यंत फॉर्म भरू द्यायचे का? आम्ही भरू देतो. फोनच्याच छोट्या पिनवर फॉर्म उघडतात, कुणाच्या नावाने भरले ते सोबत साठतं, आणि त्याच नावाने लॉगिन झाल्याशिवाय वर जात नाहीत. एक फोन दोघी वापरत असतील तर एकीचे फॉर्म दुसरीला दिसत नाहीत. फोनच हरवला तर काय, यावर आमचा अजून वाद चालू आहे. फोनमधली माहिती कुलूपबंद आहे, पण मला तेवढ्याने समाधान नाही.

त्या दिवशीचे बारा फॉर्म ताईंनी दुसऱ्या दिवशी परत भरले, तेही पाड्यावर न जाता. त्यांच्याकडे वही होती. प्रत्येक घरात त्या आधी वहीत लिहितात, मग ॲपमध्ये. सहा महिन्यांत एकही फॉर्म गेलेला नाही, तरी वही त्यांच्या पिशवीत असतेच. मीही त्यांना ती बंद करा असं अजून म्हटलेलं नाही.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, शक्यतो एक मिनिटाच्या आतली. पुढच्या भागात भेटू.